घरच्या बिअरमधली साखर मोजायला कोणते साधन घ्यावे? गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी बिअर लावण्याच्या बहुतेक सूचना २० अंशांची खोली गृहीत धरून लिहिलेल्या असतात. आमच्याकडे फोंड्याला मे महिन्यात घरात ३० अंश ही रोजची गोष्ट आहे. शिवाय काजूच्या भाटीचे, म्हणजे फेणी गाळण्याचे सामान अनेकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असते, आणि तेच बिअरला चालेल असे वाटते. म्हणून इथले प्रश्न थोडे वेगळे येतात. मला ज्या क्रमाने ते विचारले जातात, साधारण त्याच क्रमाने उत्तरे देत आहे.

फुगे थांबले की आंबवण संपली, असे सगळे सांगतात. मग साखर मोजायची कशाला?

एअरलॉकमधून, म्हणजे झाकणावरच्या पाणी भरलेल्या नळीतून, फुगा येतो म्हणजे आतला वायू बाहेर पडतो, एवढेच. झाकणाची रबरी चकती नीट बसलेली नसेल तर आंबवण जोरात चालू असूनही एक फुगा दिसत नाही. उलट दुपारी खोली तापली की आंबवण संपलेल्या बादलीतूनही विरघळलेला वायू सुटतो आणि बुडबुड सुरू होते. फुग्यांवरून साखरेचा अंदाज बांधता येत नाही.

एका मे महिन्यात मी फुग्यांवर विसंबून बाटल्या भरल्या होत्या. बाराव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातल्या फडताळात तीन बाटल्या एकामागून एक फुटल्या. आई पाच मिनिटांपूर्वी तिथेच उभी होती. तेव्हापासून दोन दिवसांच्या अंतराने मोजलेले दोन सारखे आकडे वहीत उतरल्याशिवाय मी एकही बाटली भरलेली नाही. खाली साधनांबद्दल जे काही लिहिले आहे, ते त्या दोन आकड्यांसाठी आहे.

हायड्रोमीटर खरोखर साखर मोजतो का?

थेट नाही. तो द्रवाची घनता दाखवतो. द्रव जड असला की काचेची नळी वर तरंगते, हलका असला की खाली बुडते. साध्या पाण्यात आकडा १.०००. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड काढा, म्हणजे वर्ट, १.०५० दाखवत असेल तर तो तेवढ्याच पाण्यापेक्षा पाच टक्के जड आहे. हे वजन मुख्यतः साखरेचे असते, पण त्यात यीस्टला न पचणारे डेक्स्ट्रिन आणि थोडी प्रथिनेही असतात.

यीस्ट साखर खाते तसा आकडा उतरतो. सुरुवातीच्या आकड्याला ओजी आणि शेवटच्याला एफजी म्हणतात. दोन्हींतला फरक १३१.२५ ने गुणला की दारूचे प्रमाण टक्क्यांत मिळते. १.०५० वरून १.०१२ वर आली तर साधारण ५ टक्के.

प्लेटो आणि ब्रिक्स या पट्ट्या १०० ग्रॅम द्रवात किती ग्रॅम साखर आहे ते सांगतात. १० प्लेटो म्हणजे १.०४०, १२.४ म्हणजे १.०५०. घरच्या नेहमीच्या बिअरपुरते घनतेतले हजारांश (१.०५० मधले ५०) चाराने भागले तरी प्लेटो जवळपास मिळतो.

एकच साधन घ्यायला पैसे आहेत. कोणते घेऊ?

काचेचा हायड्रोमीटर. ०.९९० ते १.१२० च्या आसपास पट्टी असलेला, सोबत त्याच्या मापाचे मोजपात्र आणि एक बरा थर्मामीटर. सर्वांत स्वस्तही तोच आहे आणि आंबवणीच्या आधी, मध्ये, शेवटी असा तिन्ही वेळा खरे बोलणाराही तोच. मोजपात्र घेताना आतली रुंदी बघा. नळी काठाला टेकली तर अडकते आणि आकडा चुकतो.

पट्टीवर कोणते तापमान छापले आहे ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. बाहेरून येणारे बरेच हायड्रोमीटर २० अंशांवर बेतलेले असतात, काही जुने १५.६ वर. आपल्याकडे प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानांत २७ अंशांवर बेतलेलेही मिळतात. गोव्याच्या हवेत मला तेच सोयीचे वाटतात, कारण दुरुस्ती जवळजवळ करावीच लागत नाही. मात्र त्या तापमानाच्या पाण्यात आकडा १.००० येतो का ते बघून घ्या. काहींवर ग्रॅम-प्रति-मिलिलिटरची पट्टी असते आणि तिथे पाणीच एकाच्या खाली दिसते.

काच फुटते. ओट्यावर आडवी ठेवली की गडगडत जाते, उकळत्या वर्टमध्ये घातली की तडकते. जमले तर दोन घ्या. दुसरा घेताना ०.९९० ते १.०२० एवढीच, लांब लांब रेघांची पट्टी असलेला घ्या. शेवटच्या दिवसांत एक हजारांशाचा फरक त्यावर स्पष्ट दिसतो.

आमच्या काकांकडे फेणीचे ग्राव मोजायची काचेची नळी आहे. तीच वापरली तर?

सर्वांत जास्त वेळा येणारा हा प्रश्न. उत्तर नाही असे आहे, पण कारण नीट समजून घ्या. दोन्ही साधने दिसायला बहिणी-बहिणी. ग्राव हे फेणीच्या कडकपणाचे माप. त्याची पट्टी मात्र गाळलेल्या दारूसाठी बेतलेली असते, म्हणजे फक्त पाणी आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणासाठी. तिथे नळी जितकी खोल बुडेल तितकी दारू कडक. म्हणून हुर्राकापेक्षा, म्हणजे काजूच्या पहिल्या गाळपाच्या सौम्य दारूपेक्षा, १९-२० ग्रावाच्या फेणीत ती जास्त बुडते. वर्ट पाण्यापेक्षा जड असतो, त्यात ही नळी पट्टी संपवून वर उभी राहते. वाचायला काही उरतच नाही.

आंबून झालेल्या बिअरमध्येही ती कामाची नाही. तिथे अल्कोहोल द्रव हलका करत असते आणि उरलेला माल्ट तो जड करत असतो. दोन्ही ओढींमधून जो आकडा निघेल त्यावरून ना साखर कळेल ना दारू. काकांची नळी काकांच्या भाटीवरच राहू द्या. तिची कागदी पट्टी अजून जागेवर असेल तर ती जपण्याजोगी वस्तू आहे.

लॅक्टोमीटर, बॅटरीचा हायड्रोमीटर, माशांच्या टाकीचे मीटर?

दुधासाठीच्या लॅक्टोमीटरची पट्टी १.०४० च्या आसपास संपते, तुमचा वर्ट बहुधा तिथूनच सुरू होतो. बॅटरीवाल्याकडचा साधारण १.१०० पासून सुरू होतो आणि तो गंधकाम्लात बुडून आलेला असतो, त्याला खाण्यापिण्याच्या वस्तूजवळ आणूच नका. माशांच्या टाकीचा रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून मोजणारे साधन) बिअरच्या रिफ्रॅक्टोमीटरसारखाच दिसतो, पण त्यावरची घनता मिठाच्या पाण्याची असते.

घरात ग्लुकोमीटर आहे. त्यावर एक थेंब टाकला तर?

नको. तो रक्तातले ग्लुकोज मोजायला केलेला आहे. वर्टमध्ये सर्वांत जास्त असते ते माल्टोज. आकडा येईल, पण त्याला अर्थ नसेल आणि पट्टी फुकट जाईल.

आमच्याकडच्या उष्णतेने आकडा किती चुकतो?

२० अंशांवर बेतलेला हायड्रोमीटर असेल तर २५ अंशांना वाचलेल्या आकड्यात ०.००१ मिळवा, ३० ला साधारण ०.००२५, ३५ ला ०.००४. गरम द्रव विरळ असतो, नळी जास्त बुडते, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. ३० अंशांना १.०४७ दिसले तर खरे १.०४९ ते १.०५० च्या मध्ये.

याची फार धास्ती घेऊ नका. ओजी आणि एफजी दोन्ही ३० अंशांनाच वाचले तर चूक दोन्हींत सारखीच येते आणि फरक बरोबर निघतो. घोळ होतो तो ओजी घाईघाईने ४५ अंशांना वाचला आणि एफजी ३० ला, तेव्हा. ४५ ला आकडा ०.००८ ने कमी दिसतो, म्हणजे दारूचे गणित सुमारे पाऊण टक्क्याने चुकते. मोजपात्र पाण्याच्या टोपात उभे ठेवून दहा मिनिटे थांबा.

वाचताना नळी बोटांनी हलकेच फिरवा, म्हणजे तिला चिकटलेले बुडबुडे सुटतात. आंबत असलेला नमुना आधी दोन पेल्यांत वरखाली करून त्यातला वायू काढून टाका. बुडबुडे नळीला वर उचलतात आणि साखर आहे त्याहून जास्त दिसते. डोळा द्रवाच्या पातळीला आणा आणि काठाशी चढलेली कड सोडून सपाट भाग वाचा. मोजलेला नमुना बादलीत परत ओतू नका. पिऊन बघा. आंबवण कुठवर आली ते जिभेलाही कळू लागते.

रिफ्रॅक्टोमीटर कधी घ्यावा?

तुम्ही माल्ट भिजवून स्वतः वर्ट काढत असाल, तेव्हा. हायड्रोमीटरला पेलाभर नमुना लागतो आणि तो थंड करावा लागतो. रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात. त्यामुळे उकळी चालू असतानाच कळते की वर्ट पातळ आहे की दाट, अजून आटवायचा की पाणी घालायचे. तयार माल्टच्या पाकापासून बिअर लावणाऱ्याला याची गरज जवळजवळ नाही. ज्यांची काजूची बाग आहे त्यांना मात्र दुहेरी उपयोग: बोंडूच्या रसातली साखरही त्यावर झटकन कळते.

त्याच्यावर स्वयंचलित तापमान दुरुस्ती लिहिलेली असते, पण ती साधारण १० ते ३० अंशांपुरती आणि उपकरणाच्या तापमानासाठी. उकळता थेंब टाकून लगेच बघण्यासाठी नव्हे. थेंब काचेवर पसरला की झाकण लावा, अर्धा मिनिट थांबा. ड्रॉपर उघडा ठेवून गप्पा मारल्या तर पाणी उडून जाते आणि वर्ट आहे त्यापेक्षा गोड दिसतो.

रिफ्रॅक्टोमीटर म्हणतो आंबवण अडकली. खरेच अडकली का?

बहुतेक वेळा नाही. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते बघतो, आणि अल्कोहोलही प्रकाश वाकवते. एकदा आंबवण सुरू झाली की त्याचा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. १२.४ ब्रिक्सवर लावलेली बिअर शेवटी ६.४ दाखवते. सरळ वाचले तर वाटते १.०२५ वर थांबली. खरी घनता असते १.०१२ च्या आसपास, म्हणजे बिअर व्यवस्थित झालेली आहे. हे न कळल्यामुळे लोक पुन्हा यीस्ट टाकतात, बादली ढवळतात, हवा आत घालतात आणि चांगली बिअर बिघडवतात.

सुरुवातीचा ब्रिक्स माहीत असेल तर सूत्राने दुरुस्ती करता येते आणि त्यासाठी तयार गणकयंत्रेही आहेत. पण तो अंदाजच. बाटल्या भरायच्या की नाही हा निर्णय हायड्रोमीटरवरच घ्या.

बाजारात इतके रिफ्रॅक्टोमीटर दिसतात. घेताना काय बघू?

० ते ३२ ब्रिक्सचा घ्या. ५८ पासून सुरू होणारा मधासाठी असतो, ० ते ८० टक्क्यांचा गाळलेल्या दारूसाठी. ब्रिक्सच्या शेजारी घनतेचीही पट्टी असलेले स्वस्त नमुने मिळतात. त्यातल्या अनेकांची घनतेची पट्टी चुकीची असते. ३२ ब्रिक्सशेजारी १.१२० छापलेले असेल तर ओळखा, कारण खरा आकडा १.१३९ च्या आसपास येतो. असा रिफ्रॅक्टोमीटर टाकून देऊ नका, त्यावर फक्त ब्रिक्स वाचा आणि घनता स्वतः काढा.

बादलीत तरंगत राहून मोबाइलवर आकडे पाठवणारी साधने कशी?

टिल्ट ब्लूटूथवर चालतो, आयस्पिंडेल वायफायवर. दोन्हींचे तत्त्व एकच: साखर कमी होते तसा त्यांचा कल बदलतो. झाकण न उघडता आंबवण कशी चालली आहे ते घटकेघटकेला दिसते. आमच्या उष्णतेत आंबवण कधी कधी पहिल्या दोन दिवसांतच बहुतेक उरकते, आणि क्वाइकसारखे ३५ अंशांनाही आनंदात राहणारे नॉर्वेचे यीस्ट असेल तर अधिकच लवकर. तो वेग बघायला मजा येते आणि शिकायलाही मिळते.

पण फेसाचा थर त्यांना चिकटला की आकडा दोन-चार हजारांशांनी इकडेतिकडे होतो. पावसात वीज गेली की वायफायही जाते. माझ्या मते हे तिसरे साधन आहे, पहिले नव्हे.

साधन बरोबर आहे हे घरी कसे तपासू?

आधी डिस्टिल्ड पाण्यात, पट्टीवर लिहिलेल्या तापमानाला. हे पाणी बॅटरीसाठी विकतात. हायड्रोमीटर १.००० दाखवायला हवा, रिफ्रॅक्टोमीटर ०. मग १०० ग्रॅम साखर ९०० ग्रॅम पाण्यात विरघळवा. पाणीही वजन करूनच घ्या. हा १० ब्रिक्सचा पाक, आकडा १.०४० यायला हवा.

दोन्हीकडे सारखीच चूक येत असेल तर हायड्रोमीटरवर ती चिकटपट्टीने लिहून ठेवा आणि दर वेळी वजा-मिळवणी करा. आतला कागद सरकलेला असतो, एवढेच. कालचा आणि आजचा आकडा वेगळा येत असेल तर मात्र कागद सुटा झाला आहे. तो हायड्रोमीटर संपला.

माडाचा गूळ घालतो तेव्हा हिशेब कसा धरायचा?

२० लिटरमध्ये १ किलो साखर घातली की घनता सुमारे ०.०१९ ने वाढते. गुळात पाणी आणि इतर घटक असतात, त्यामुळे वाढ थोडी कमी होते, आणि प्रत्येक ढेपेगणिक ती वेगळी असते. म्हणून गूळ उकळतानाच घाला आणि नंतर ओजी मोजा. आंबवण चालू असताना घालायचा असेल तर घालण्याआधी आणि पूर्ण विरघळल्यावर असे दोनदा मोजा, आणि जो फरक येईल तो सुरुवातीच्या ओजीत मिळवा. 

मग बाटल्या नेमक्या कधी भरायच्या, आणि त्यात साखर किती?

ओजीवरून साधारण तीन चतुर्थांश उतरली, म्हणजे १.०५० ची १.०१२ च्या आसपास आली, आणि दोन दिवसांच्या अंतराने घेतलेले दोन आकडे तंतोतंत सारखे आले, की. नुसता कमी आकडा पुरत नाही, तो हलता कामा नये.

कारण असे: लिटरला ४ ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली की बिअरमध्ये तिच्या आकारमानाएवढा वायू तयार होतो. ३० अंशांना आंबलेल्या बिअरमध्ये आधीचा सुमारे ०.७ पट वायू असतो. त्यात लिटरला ६ ग्रॅम साखर घातली की एकूण २.२ पट, आपल्याला आवडतो तेवढा फेस. आता समजा आंबवण चार हजारांश बाकी असताना बाटली भरली. प्रत्येक हजारांश जवळजवळ अर्धा पट वायू देतो. एकूण ४ पटींच्या वर जाते, आणि साध्या बाटलीला ते झेपत नाही. चार हजारांश म्हणजे पट्टीवरच्या बारीक दोन रेघा.

साखर चमच्याने बाटलीत टाकू नका. काट्यावर तोला, थोड्या पाण्यात उकळून पाक करा आणि सगळ्या बिअरमध्ये एकत्र मिसळा. प्रत्येक घाण्यात एक सोड्याची प्लास्टिक बाटलीही भरा. ती दाबून आतला जोर हाताला कळतो.

वडिलांना मधुमेह आहे. आकडा खाली आणला की बिअरमध्ये साखर नाही असे समजायचे का?

नाही. अल्कोहोल पाण्याहून हलके असल्यामुळे शेवटचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. १.०५० वरून १.०१० वर आलेल्या बिअरमध्ये पट्टीप्रमाणे १०० ग्रॅमला २.६ ग्रॅम उरलेले दिसतात, प्रत्यक्षात ४.४ च्या आसपास असतात. त्यातले बरेचसे डेक्स्ट्रिन असते, आणि तेही पिष्टमयच. अल्कोहोलचा आणि औषधांचा प्रश्न वेगळाच. हा निर्णय हायड्रोमीटरवर सोडू नका, वडिलांच्या डॉक्टरांना विचारा.

घरी बिअर करायला गोव्यात परवाना लागतो का?

गोव्यात मद्य तयार करणे १९६४ च्या अबकारी कायद्याखाली येते आणि त्यात परवान्याची तरतूद आहे. इथे दारू स्वस्त आणि सहज मिळते म्हणून घरी करणेही मोकळे असेल असे धरून चालू नका. माल्ट घेण्याआधी आपल्या तालुक्याच्या अबकारी कार्यालयात जाऊन विचारा. पिण्याचे वय २१ आहे, हे घरातल्या मुलांच्या बाबतीतही लक्षात ठेवा.

बाटल्या भरून झाल्या. आता वही बघितली तर शेवटचे दोन आकडे वेगवेगळे आहेत. काय करू?

आधी त्या जागेवरून माणसे हलवा. मग जाड कपड्याचा लांब बाह्यांचा सदरा, डोळ्यांवर गॉगल, हातात जाड मोजे. बाटल्यांवर ओले गोणपाट टाका आणि एकेक करून शक्य तितक्या फ्रीजमध्ये हलवा. थंडीत यीस्ट मंदावते आणि वायू बिअरमध्ये जास्त मुरतो, त्यामुळे आतला दाब उतरतो. बाटली हिंदकळू देऊ नका, आपटू नका.

दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड झालेली एक बाटली मोरीत, कपड्याखाली धरून, हळूहळू उघडा. तिच्यातला वायू दोन पेल्यांत वरखाली करून काढून टाका, नमुना घरातल्या तापमानाला येऊ द्या आणि हायड्रोमीटर लावा. पाकाची साखर आंबून गेल्यावर आकडा पाक घालण्याआधी होता तिथेच, फार तर अर्धा हजारांश खाली यायला हवा. तसा असेल तर बाकीच्या फ्रीजमध्येच ठेवून प्या. दोन-तीन हजारांश खाली गेला असेल तर उरलेल्या बाटल्या थंड असतानाच, त्याच पद्धतीने कपड्याखाली धरून, त्याच दिवशी सगळ्या उघडा.